तिसऱ्या मजल्यावरचा वास

"भाऊ, ठेवा ती बादली खाली! कानात बोळे घातलेत का?"

मावशीने दारातूनच आवाज टाकला, तेव्हा वस्तीचा शिंपी गल्लीच्या तोंडाशी वाकून फिनेल ओतत होता. नुसता ओतत नव्हता, अत्तर शिंपडावं तशा नाजूक हाताने ओतत होता. त्याच्या मागे निम्म्या वस्तीतल्या बायका पदर खोचून खराटे चालवत होत्या. गटाराच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ ओढून झाली होती, आणि कुणीतरी हौशीने दारोदारच्या पायऱ्यासुद्धा धुऊन काढल्या होत्या.

"वहिनी, ओरडू नका सकाळी सकाळी," शिंपी कंबर धरून सरळ होत म्हणाला. "दहा वाजता समिती येणार आहे. मोठी माणसं. त्यांना काय घाण दाखवायची?"

"मग काय दाखवायचं? तुमचा भांग?"

दोघीतिघी फिस्सकन हसल्या. शिंप्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. भांग खरंच चापून पाडलेला होता.

"अहो, ती समिती घाण बघायलाच येतेय!" मावशी पायरी उतरून खाली आली. "वास आहे का नाही, एवढंच त्यांना ठरवायचंय. वास आहे म्हटलं तर मैदानावर गाड्या येणार नाहीत. नाही म्हटलं, तर सोमवारपासून शहराचा सगळा उकिरडा माझ्या या पायरीशी. आणि तुम्ही फिनेल ओतताय? त्या कचऱ्याच्या ठेकेदाराने सांगितलं का तुम्हाला? का जावई लागतो तो तुमचा?"

"माणसाला काही अब्रू असते, वहिनी."

"असते ना. ती बादलीत घालून गटारात ओतताय, तेच बघतेय मी."

वस्तीत मावशीला पाठीमागे 'तोफ' म्हणत, ते उगीच नव्हे. पण तोफेचंही कुणी ऐकलं नाही. खराटे थांबले नाहीत. या माणसांना जन्मभर एकच गोष्ट शिकवलेली: कुणी साहेब येतोय म्हटलं की झाडायचं, धुवायचं, लपवायचं. पाण्याचा टँकर मागायला जायचं असो की शाळेत पोराचं नाव घालायचं असो, आधी अंगाचा वास घालवायचा. प्रत्येकाच्या घरात घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा असे आणि बाहेर घालायचे कपडे त्या डब्यात. वस्तीच्या शेवटच्या वळणावर, मुतारीच्या आडोशाला उभं राहून बायका घरची साडी बदलत आणि डब्यातली नेसून कामावर जात. वर, म्हणजे टेकाडावरच्या चांगल्या भागात, कुणाला कळता कामा नये की ही खालून येते.

आणि मजा अशी की वास त्यांना स्वतःला कधीच येत नसे. नाकं मेली होती. दिवसभर वर काम करून संध्याकाळी परतताना त्या वळणावर एकदा भपकारा यायचा, पोटात ढवळायचं. घरी पोचेपर्यंत नाक पुन्हा गप्प.

मावशीने खराटेवाल्या बायकांकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं, आणि गटारात थुंकली. "घासा! आरसे लावा भिंतींना! म्हणजे त्यांना त्यांची तोंडं तरी दिसतील."

वस्ती आधीची, कचरा नंतरचा. हे वर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. "कचऱ्याच्या शेजारी राहायला जायचंच कशाला?" असं एका शिकलेल्या बाईने मावशीला विचारलं होतं, अगदी कळवळून. मावशीचा सासरा इथे झोपडं बांधून राहिला तेव्हा इथे गवत होतं आणि ओढ्याचं पाणी पिता येत होतं. मग शहराला कचरा टाकायला जागा हवी झाली. टेकाडावर जागा नव्हती असं नाही, चिक्कार होती. पण तिथे राहणाऱ्यांना नाक होतं. इथल्यांना नाक असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे ढिगाची एक बाजू भरून उतू गेली, म्हणून गाड्या पलीकडे वळल्या आणि हा पट्टा ओस पडला. मावशीचा नवरा कचऱ्याच्या गाडीवर होता. तो शेवटच्या खेपेला कचऱ्याऐवजी कुठल्या तरी बांधकामावरची माती भरून आणी आणि गुपचूप इथे ओती. बाकीच्यांनी काचा वेचल्या, सुया वेचल्या, पाट्यापाट्याने माती पसरली, झाडं लावली. निम्मी मेली, निम्मी जगली. बघता बघता मैदान झालं. वस्तीतली पोरं धावू लागली, म्हातारे सावलीला बसू लागले. नवरा छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा त्याला शेवटचा आडवा केला तोही तिथेच, कारण खोलीत चार माणसं उभी राहायला जागा नव्हती.

आता म्हणे ते मैदान नाहीच. आता म्हणे ती 'कचऱ्यासाठी राखीव जागा' आहे, आणि वस्तीने त्यावर अतिक्रमण केलंय. झाडं लावून! गेलं वर्षभर वस्तीने मोर्चे काढले, गाड्यांपुढे आडवे पडले, तेव्हा कुठे शहराने एक समिती नेमून दिली.

मावशीला त्या मैदानाची एवढी पडायचं कारण तिच्या घरात होतं. चार वर्षांची नात. तिची छाती रात्रंदिवस सूं-सूं वाजायची. खोलीत कोंडलं की पोर निळी पडायची, मैदानावर नेऊन बसवलं की जरा श्वास घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." सांगायला काय जातंय! मुलाने आणि सुनेने वर खोली शोधायला सुरुवात केली. दोघं कमावते, भाडं आगाऊ द्यायला तयार. एका घरमालकाने तर किल्ली हातात ठेवली होती. मग सहज विचारावं तसं विचारलं, "सध्या कुठं राहता?" सुनेने भाबडेपणाने खरं सांगितलं.

"असं होय," घरमालक म्हणाला आणि किल्ली परत घेण्यासाठी हात पुढे केला. "आमचं काही नाही हो. आम्ही असलं मानत नाही. पण बाकीच्या लोकांचं बघावं लागतं."

हे 'बाकीचे लोक' कोण असतात, ते मावशीने जन्मात पाहिले नव्हते. ज्याला त्याला विचारावं तो सज्जन. मानणारे सगळे 'बाकीचे'. मुलगा-सून अशा बाकीच्यांच्या पंधरा दारांवरून परत आली आणि मग शोधायचीच बंद झाली.

मावशी स्वतः मात्र असल्या भाबडेपणात कधी अडकली नव्हती. ती वरच्या भागात एका चांगल्या इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करी. पहिल्याच दिवशी सेक्रेटरीने विचारलं होतं, "राहायला कुठे?" मावशीने डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "बागेपलीकडे, बहिणीकडे." तिला बहीणच नव्हती. पण त्या एका थापेवर तिने इतकी वर्षं चूल पेटवली, मुलाला शिकवलं आणि नवऱ्याचं औषधपाणी केलं.

महिन्यापूर्वी सेक्रेटरीने नवी मोटरसायकल घेतली आणि ती उन्हात राहू नये म्हणून जिन्याखाली लावली. मावशीचं टेबल उचलून गच्चीवर गेलं. "तुम्ही कपडे घरी नेऊन करत जा की," तो म्हणाला, उपकार केल्यासारखा. मावशी करू लागली. सकाळी गठ्ठे गोळा करायचे, खाली आणायचे, रात्री इस्त्री करायची, डब्यात घट्ट झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पोचवायचे.

पण डबा तो डबा. आणि एवढ्या इमारतीचे कपडे मावतील असला डबा कुठून आणणार? वास सुती कापडात शिरतोच. घडीत असेपर्यंत निमूट बसतो, अंगाची ऊब लागली की बाहेर येतो.

आठ दिवसांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गठ्ठा देताना कुरकुरल्या होत्या. "काय तरी बाई, आमची मोरी तुंबलीय बहुतेक. घरभर कुजकट वास. दोनदा प्लंबर आणला, त्याला काही सापडेना. साहेब तर नुसते वैतागलेत, जिथे जाईन तिथे वास येतो म्हणतात."

"जुनी इमारत, बाई. पाईप सडले असतील," मावशी म्हणाली होती, आणि साहेबांचे पांढरे शर्ट काखोटीला मारून जिना उतरली होती.

समिती दहाला येणार होती, ती साडेअकराला आली. दोन गाड्या. पहिल्या गाडीतून ठेकेदार उतरला आणि स्वतःच्याच लग्नात पाहुण्यांचं स्वागत केल्यासारखा हसू लागला. मग सरकारी दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण उतरली. मग अध्यक्ष. मावशीने आधी तोंड पाहिलंच नाही. तिने कॉलर पाहिली, कफ पाहिले, खिशावरची घडी पाहिली. परवा रात्री तिनेच घातलेली घडी होती ती.

तिसऱ्या मजल्यावरचे साहेब!

मावशी चटकन शिंप्याच्या पाठीमागे सरकली. खरं तर सरकायची काही गरज नव्हती. साहेब इतकी वर्षं रोज तिच्या टेबलावरून जात-येत होते, पण त्यांनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. बघण्याजोगं त्यात काही असेल असं त्यांना कधी वाटलं नसावं.

"आमचं हवा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय," अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. "तेव्हा आम्ही प्रत्यक्ष अनुभवावरून निष्कर्ष काढू."

म्हणजे हुंगून. मावशीला वाटलं, आत्ताच्या आत्ता पुढे होऊन विचारावं की एवढा पगार घेऊन, एवढ्या गाड्या उडवून, शेवटी कामाला नाकच लागणार होतं तर कुत्री काय वाईट होती? पण आज पहिल्यांदा तोफेत पाणी शिरलं होतं.

वरात निघाली. पुढे शिंपी हात जोडून, मागे समिती, त्यामागे वस्ती, डब्यातले कपडे घालून. गल्लीत फिनेलचा असा घमघमाट सुटला होता की ऑपरेशनच्या खोलीत शिरल्यासारखं वाटत होतं. अध्यक्ष थांबत, मान उंच करत, नाकपुड्या फुगवत. मग कपाळाला आठी पडे. ते डावीकडे हुंगत, उजवीकडे हुंगत. एकदा तर खाली वाकून चपलेचा तळ पाहिला. काहीतरी त्यांना छळत होतं खास, पण ते सापडत नव्हतं. स्वतःच्या गळ्याखाली बघायचं त्यांना कसं सुचावं? मावशीला हसूही फुटत होतं आणि रडूही.

मैदान बघून झालं, झाडं बघून झाली. "छान हिरवळ केलीय," अध्यक्ष म्हणाले, "काढताना वाईट वाटेल." मग ते मावशीच्या दारासमोरच उभे राहिले आणि घसा साफ केला.

"एकंदरीत स्वच्छता समाधानकारक आहे. तक्रारीत म्हटल्याप्रमाणे उग्र असा वास आढळत नाही. डॉक्टर?"

डॉक्टरीण घुटमळली. "फिनेलचा फार येतोय, सर. त्यामुळे मला काही ठरवता येत नाही."

"फिनेलचा वास म्हणजे स्वच्छतेचा वास," अध्यक्ष म्हणाले.

ठेकेदाराने मान डोलावली. आणि शिंपी? शिंपी फुलला! साहेबांनी वस्ती स्वच्छ आहे म्हटलं, जन्माचं सार्थक झालं. त्याने चक्क मागे वळून बायकांकडे पाहिलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि त्या बावळट बायकाही लाजून हसल्या. घर पेटत होतं आणि ही माणसं उजेड छान पडलाय म्हणून खुश होती.

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. या शिंप्याची तिला किळस आली. दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं की आपण याच शिंप्याच्या पाठीमागे लपून उभ्या आहोत. आत खोलीत नातीची छाती वाजत होती, इथपर्यंत ऐकू येत होती. 'बागेपलीकडे, बहिणीकडे.' कसली बहीण आणि कसली बाग! शिंप्याने बादलीभर फिनेल ओतलं होतं ते आज सकाळी. ती इतकी वर्षं रोज ओतत होती.

तिने शिंप्याला बाजूला सारलं.

"साहेब, तुमच्या घरची मोरी तुंबलेली नाही."

अध्यक्षांनी चमकून पाहिलं. "काय?"

"तिसरा मजला. बाईंनी दोनदा प्लंबर आणला. त्याला काही सापडलं नाही, सापडणार पण नाही. तुमची कॉलर हुंगा."

"हा काय चावटपणा आहे? कोण आहात तुम्ही?"

"जिन्याखाली इस्त्री करणारी. तुमच्या सेक्रेटरीने मोटरसायकल लावली तिथं, तेव्हापासून कपडे इथं करते मी. या दारात. हा तुमच्या अंगावरचा शर्ट एक रात्र, फक्त एक रात्र, माझ्या खोलीत होता साहेब. तोही डब्यात झाकून. माझी नात चार वर्षं आहे, उघडी."

ठेकेदाराचं हसू तसंच राहून गेलं, आवरायचं विसरल्यासारखं. डॉक्टरीण एक पाऊल पुढे आली, "सर, एक मिनिट," म्हणाली, आणि साहेब मागे सरायच्या आत तिने त्यांच्या खांद्यापाशी नाक नेलं. लगेच मागे घेतलं.

"आहे," ती म्हणाली. "चांगलाच आहे. मी सही करणार नाही, सर. गाड्या इथे येऊ द्यायच्या नाहीत, असंच मी लिहिणार."

दोघांच्या सह्यांशिवाय काही होणार नव्हतं. अध्यक्षांना ते कळलं असेल, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मावशीला वाटलं, आता हा माणूस आतल्या नातीकडे बघेल. निदान दाराकडे तरी बघेल. साहेब एका बोटाने कॉलर अंगापासून लांब धरून उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मावशीचं तोंड नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही... इथे राहता?"

"इथेच. सासऱ्यापासून."

"आणि आमचे सगळ्यांचे कपडे... चादरी... इथे?"

"इथेच," मावशी म्हणाली. तिला त्यांची कीव आली. एवढं मोठं मैदान समोर, एवढा मोठा ढीग मागे, आणि या माणसाला आपली चादर दिसत होती.

समिती निघून गेल्यावर वस्तीत आनंदाला उधाण यावं की नाही? शिंप्याने दोनदा टाळ्या वाजवल्या, पण त्याला कुणी साथ दिली नाही. वर धुणीभांडी करणारी एक शेजारीण पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"जिंकलीस गं बाई. पण आता तो वर जाऊन सांगणार. उद्या मला पण विचारतील, तू कुठली. मी काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगून खायचं काय?"

मावशी खोलीत गेली. तिने नातीला कडेवर घेतलं आणि मैदानावर जाऊन बसली. पोर तिच्या मांडीवर झोपली. सुनेने संध्याकाळी येऊन हातात चहा दिला, तो तिने थंडगार झाल्यावर प्यायला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला निघाली. वळणावर बाकीच्या बायका साड्या बदलत होत्या. मावशी घरच्याच साडीवर पुढे गेली. तयार गठ्ठे तिच्या डोक्यावर होते. काम घेतलंय, तर पोचवायला नको?

टेकाड चढून ती इमारतीपाशी आली आणि थबकली. सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा. आडवारी कधी दिसत नाही एवढं धुणं. शर्ट, साड्या, पडद्यांसकट चादरी, बाळाची दुपटी, कपाटातले सणासुदीला काढायचे कपडेसुद्धा. जे जे मावशीच्या हाताखालून गेलं होतं, ते सगळं पुन्हा धुऊन वाळत घातलं होतं. दोऱ्या पुरल्या नव्हत्या, म्हणून कठड्यांवर टाकलं होतं, एसीच्या डब्यांवर टाकलं होतं. खाली फरशीवर टपटप पाणी गळत होतं.

तिने एकेक कपडा ओळखला. या साडीचा काठ जळू नये म्हणून ती उलट्या बाजूने फिरवायची. त्या शर्टाचं कापड हट्टी, दोनदा पाणी मारावं लागे.

सेक्रेटरी जिन्यातून उतरला, तिला पाहून अर्ध्यातच थांबला आणि फोन कानाला लावून परत वर गेला. फोन वाजलेला नव्हता. मावशीने गठ्ठे मोटरसायकलच्या सीटवर ओळीने मांडून ठेवले, एकाही घडीला चुणी न पडू देता.

नळाच्या तोटीशी रिकामी बादली घेऊन वॉचमन बसला होता. परगावाहून आलेला, नवा माणूस. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"मावशी, काय झालंय हो यांना?" तो म्हणाला. "काल रात्रीपासून जो तो धुतोय. सगळी टाकी रिकामी केली. प्यायला थेंब नाही. एकदम सगळ्यांनाच काय झालं?"

मावशीने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून पांढऱ्या शर्टाची बाही लोंबत होती.

"काही नाही रे," ती म्हणाली. "वास आला त्यांना."